गोळी पेंड: पिष्ट, वाफ आणि सोलापूरचा मे महिना



व्याख्यानमालेला अध्यात्म चालतं, इतिहास चालतो, हल्ली मधुमेह आणि म्युच्युअल फंडही चालतात. पशुखाद्याच्या गोळीवर तासभर बोलायला तुम्ही मला उभं केलंत, त्याबद्दल आधी आभार. मला जे येतं तेच मी बोललं पाहिजे, आणि माझी नोकरीची सगळी वर्षं खाद्याच्या कारखान्यांत गेली. तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात म्हैस नाही, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी पिशवीतून नाहीतर रतिबाने जे दूध येतं, त्याच्या उत्पादनखर्चात सगळ्यात मोठा वाटा वैरणीचा आणि पेंडीचा असतो. दुधाचा दर वाढला की आपण डेअरीला बोल लावतो. पेंडीच्या पोत्यात काय चाललंय, ते विचारत नाही.

गोळी पेंड सगळ्यांनी पाहिली असेल. साधारण आठ मिलिमीटर जाडीची, बोटाच्या एका पेरापेक्षा आखूड, तपकिरी गोळी. काही जण कांडी म्हणतात. तिच्यात सरकी पेंड असते, तेल काढलेला भाताचा कोंडा असतो, तुरीची आणि हरभऱ्याची चुनी, गव्हाचा भुसा, थोडा मका, साखर कारखान्याची मळी, मीठ आणि खनिज मिश्रण. हे सगळं दळून, मिसळून, वाफ देऊन, पोलादी चाळणीसारख्या जाड साच्यातून दाबून बाहेर काढतात. त्या साच्याला आम्ही ‘डाय’ म्हणतो. साच्याच्या आत रोलर फिरतात, माल भोकांत रेटला जातो, बाहेर सुरी लांबी कापते. एवढंच यंत्र आहे.

मग भुकटीच का देत नाहीत? जनावर चोखंदळ असतं. म्हशीपुढे सुटं मिश्रण टाका, ती जिभेने चुनी आणि सरकी वेचून घेते; खनिज मिश्रण गव्हाणीच्या तळाशी राहतं, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच झाडून टाकावं लागतं. गोळीत प्रत्येक घासात सगळं येतं. शिवाय भुकटी पोत्यात जागा जास्त खाते, उडते, ट्रकच्या हादऱ्यांनी थर होऊन वेगळी होते. देशात सहकारी दूधधंद्याला पशुखाद्याच्या कारखान्याची जोड मिळाली ती गुजरातेत, कंजारीला. 31 ऑक्टोबर 1964 रोजी लालबहादूर शास्त्री त्या कारखान्याच्या उद्घाटनाला गेले, आदल्या रात्री अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला, आणि त्या भेटीतूनच पुढच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. तो कारखाना अमूलचा; पण अमूलची गोष्ट सांगताना लोणी सगळ्यांना आठवतं, पशुखाद्य कोणाला आठवत नाही. आपल्याकडे कोल्हापूरच्या गोकुळनेही महालक्ष्मी नावाने स्वतःचं पशुखाद्य काढलं. दूध गोळा करायचं तर जनावराच्या तोंडाकडूनही सुरुवात करावी लागते, हे ज्या संघांना कळलं ते टिकले.

आता गोळी गोळी का राहते, हा आजचा विषय.

घरातली भाकरी घ्या. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो. ताज्या पिठाला विरी असते. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. मग घरातली बाई काय करते? पाण्याला उकळी आणून ते पिठावर ओतते. पिठातल्या पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात, चिकट होतात आणि उरलेल्या कच्च्या पिठाला धरून ठेवतात. सगळं पीठ शिजत नाही, शिजायची गरजही नसते. थोडं शिजलेलं पिष्ट बाकीच्याला बांधतं. गोळी पेंडीच्या कारखान्यात वाफेने नेमकं हेच करायचा प्रयत्न चालतो. फरक एवढाच की बाई पिठाच्या जवळजवळ बरोबरीने पाणी घालते, आणि आम्हाला शंभर किलो मालात चार-पाच किलोच घालता येतं. या टंचाईतून पुढचा सगळा घोळ होतो.

पिष्टाचा कण म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची घट्ट गुंडाळी. दोन प्रकारच्या साखळ्या असतात, सरळ अमायलोज आणि फांद्या फुटलेली अमायलोपेक्टिन. मक्यात किंवा ज्वारीत त्यांचं प्रमाण साधारण एकास तीन. भरपूर पाण्यात तापवलं तर गव्हाचं पिष्ट 58 ते 64 अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुटतं, मक्याचं 62 ते 72, ज्वारीचं 68 ते 78. म्हणजे आपली ज्वारी शिजायला सगळ्यांत हट्टी. तिच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं घट्ट वेष्टण असतं, ते पाणी आत जाऊ देत नाही. पण हे आकडे भरपूर पाण्याचे आहेत. पाणी कमी असेल तर तेच पिष्ट फुटायला कितीतरी जास्त उष्णता मागतं. गोळीच्या यंत्रात माल 80 अंशांपर्यंत नेला, तरी ओलावा 16-17 टक्केच असतो. त्यामुळे एकूण पिष्टापैकी फार तर पाचवा-चौथा हिस्सा शिजतो, कधी त्याहूनही कमी. माशांचं तरंगतं खाद्य किंवा कुत्र्याचं कोरडं खाद्य ज्या एक्स्ट्रूडरमधून निघतं, तिथे ओलावा 25-30 टक्के ठेवतात, दाब आणि तापमान जास्त असतं, आणि पिष्ट जवळजवळ सगळं शिजतं. म्हणून ते फुलतं, हलकं होतं, पाण्यावर तरंगतं. आमच्या गोळीला तरंगायचं नसतं.

या गावाला पिष्ट आणि वाफ दोन्ही नवीन नाहीत. 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून इथे बॉयलर पेटले, आणि सुताला खळ देणारा सायझिंग विभाग प्रत्येक गिरणीत होता. खळ पातळ झाली की मागावर ताणा तुटायचा, जाड झाली की फणीत अडकायचा. गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, पण शिजवलेल्या पिष्टावर या शहराने शंभर वर्षं पोट भरलं. पेंडीच्या कारखान्यात मात्र त्या सायझिंग मास्तरांच्या तोलाचा माणूस सहसा नसतो. तिथे बॉयलरवाला वेगळा, मशीनवाला वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं.

वाफेचा हिशोब मात्र दोघांनीही समजून घ्यावा असा आहे. वाफ मालाला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती प्रत्येक किलोमागे सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता सोडते. एक टन मालात एक टक्का, म्हणजे 10 किलो वाफ मुरली तर साडेपाच हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते. पेंडीचा एक टन माल एक अंशाने तापवायला साडेचारशेच्या आसपास लागतात. भागाकार करा: एक टक्का वाफ म्हणजे बारा अंशांची वाढ. वाफेबरोबर उष्णता आणि पाणी एकाच मापात येतात, वेगवेगळे घेता येत नाहीत. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तर आजच्या व्याख्यानाचा अर्धा भाग तुमच्या पदरात पडला.

आता हा हिशोब सोलापुरात लावून बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला गोदामातला माल 20 अंशांवर असतो असं धरा, ओलावा 12 टक्के. त्याला 80 वर न्यायचं म्हणजे 60 अंश चढवायचे. त्यासाठी पाच टक्क्यांच्या आसपास वाफ लागते, आणि माल साच्याशी पोहोचतो तेव्हा ओलावा 17 टक्क्यांच्या जवळ जातो. गोळी छान उतरते. मे महिन्यात तेच गोदाम पत्र्याखाली भाजून निघालेलं असतं. माल 40 अंशांवर, ओलावा वाळून 9 टक्के. आता 80 गाठायला फक्त 40 अंश हवेत, वाफ लागते सव्वातीन टक्के, आणि साच्यापाशी ओलावा जेमतेम सव्वाबारा. तापमापक 80 दाखवतोय, चालकाचं समाधान झालंय, पण पिष्टाला पाणीच मिळालेलं नाही. ते फुगणार कशाने? गोळी बाहेर पडते ती कोरडी, चकाकणारी, उन्हात तडकलेली, आणि पोतं मंगळवेढ्याला पोचेपर्यंत तळाशी भुकटीचा थर बसतो. मग कारखान्याला फोन जातो: ‘साहेब, ह्या खेपेला माल हलका आलाय.’ माल हलका नसतो, फॉर्म्युला तोच असतो. हवा बदललेली असते.

यावर उपाय साधा आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी नेमाने होतो. उन्हाळ्यात मिक्सरमध्येच टनाला 20-30 लिटर पाणी फवारायचं, माल काही वेळ मुरू द्यायचा, मग वाफेकडे पाठवायचा. पाण्याबरोबर बुरशी रोखणारं प्रोपिऑनिक आम्लाचा क्षार घालायचा. इथे कारखान्याचे मालक दोन कारणांनी बिचकतात. पहिलं, पाणी घातलं म्हणजे भेसळ केली असं वाटेल. दुसरं, पोत्यात बुरशी येईल. दोन्ही भीती अगदीच निराधार नाहीत. पशुखाद्याचं भारतीय मानक, आयएस 2052, तयार खाद्यात 11 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा मान्य करत नाही, आणि ते योग्यच आहे. एक टक्का जादा ओलावा म्हणजे टनामागे 10 किलो पाणी पेंडीच्या भावाने विकणं. पण साच्याआधी घातलेलं पाणी कूलरमध्ये बरंचसं उडून जातं. गोळी 80-85 अंशांना बाहेर पडते, गार हवेच्या झोतात तिचा ओलावा तीन-चार टक्क्यांनी उतरतो. पाणी मध्ये हवं, शेवटी नको. कूलरमध्ये घाई करून गरम माल पोत्यात भरला तर पाणी घातलं नसलं तरी बुरशी येते.

वाफेची प्रत हा दुसरा मुद्दा. बॉयलरमधून निघालेली वाफ कोरडी असली तरी उघड्या, वेष्टण नसलेल्या पाइपातून लांबवर आली की वाटेत तिचं पाणी होतं. हे पाणी काढायला स्टीम ट्रॅप असतो. तो अडकलेला असला की वाफेबरोबर पाण्याचे थेंबच मालात पडतात. मघाचा हिशोब इथे कोसळतो: पाणी वाढलं, पण उष्णता आलीच नाही. मालात ओले गोळे होतात, रोलर साच्यावर घसरतात आणि डाय चोक होते. मग मोटर बंद करून, साचा उघडून, भोकांतला वाळलेला माल ड्रिलने काढत बसायचं. ज्याने रात्रपाळीला हे केलं आहे तो पुढच्या वेळी वाफेचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. एका कारखान्यात महिनोन्‌महिने ‘आमचा मका खराब येतोय’ असं चाललं होतं. तिथे ट्रॅप बदलला आणि मका सुधारला. वाफ किती दाबाची असावी यावर चालकांमध्ये जितके वाद होतात तितक्या त्या वादाला अर्थ नाही. कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या वाफेत किलोमागे मिळणाऱ्या एकूण उष्णतेत फरक अगदी किरकोळ असतो. ती कोरडी आहे का, एकसारखी येते का, हे पाहायचं.

चांगला चालक हे सगळं कागदाशिवाय ओळखतो. मालाला जिथे वाफ देतात त्या कंडिशनरच्या तोंडाशी हात घालून मूठभर माल घेतो, दाबतो, मूठ उघडतो. लाडू तसाच राहिला, बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाले आणि तळहाताला ओल लागली नाही, की तो मान हलवतो. हाताला पाणी लागलं तर ट्रॅप बघायला जातो. लाडू लगेच भुरभुरला तर वाफ वाढवतो. एक डोळा अँपिअर मीटरवर असतो. हे शिकवायला पुस्तक नाही, आणि असा माणूस सोडून गेला की कारखान्याची गोळी महिनाभर बिघडते.

इथवर ऐकून असं वाटेल की वाफ दिली, पिष्ट शिजलं, गोळी घट्ट झाली. आम्हीही कित्येक वर्षं असंच सांगत आलो. 1981 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या स्कोक, बेन्के आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या खाद्याच्या गोळ्या कोरड्या आणि वाफ देऊन, दोन्ही प्रकारे काढून पाहिल्या. वाफ दिलेल्या गोळ्या जास्त टिकाऊ निघाल्या, वीज कमी लागली, उत्पादन वाढलं. पण पिष्ट जास्त कुठे फुटलं होतं? कोरड्या काढलेल्या गोळ्यांत! वाफेच्या ओलीने माल निसरडा होतो, साच्याच्या भोकात घासणं कमी होतं. कोरड्यात ते घर्षण इतकं असतं की पिष्ट तिथेच रगडलं जातं, भाजलं जातं. तरीही ती गोळी कच्चीच. म्हणजे पिष्ट किती फुटलं यावर मजबुती ठरत नाही. ते कुठे, कसं, किती ओलीत फुटलं आणि शेजारच्या कणाला चिकटलं का, हे महत्त्वाचं.

त्यानंतर 1987 मध्ये ब्रिटनच्या जे. एफ. वुड यांनी आणखी एक पदर उलगडला. त्यांनी कच्चं पिष्ट आणि आधीच शिजवलेलं पिष्ट, कच्चं सोया प्रथिन आणि आधीच उष्णतेने बदललेलं प्रथिन, अशी जोड्यांनी तुलना केली. शिजवलेल्या पिष्टाने गोळी सुधारली, अपेक्षेप्रमाणे. पण कच्च्या प्रथिनाने त्याहूनही जास्त सुधारली. कारण वाफेत आणि साच्यात ते पहिल्यांदाच उलगडतं, कणांना वेढतं आणि थंड होताना घट्ट होतं. आधीच भाजून निघालेलं प्रथिन ही एकदाच मिळणारी संधी घालवून बसलेलं असतं. आपल्या सरकी पेंडीला हे चपखल लागू आहे. घाण्यात फार तापलेली काळपट सरकी आणि हलक्या तापमानावर निघालेली पिवळसर सरकी, प्रथिनाचा आकडा एक असला तरी गोळीत सारखं वागत नाहीत. शिवाय सरकीत तेल जास्त राहिलं असेल तर ते कणांवर पसरून पाण्याला आत शिरू देत नाही. शेतकऱ्याला तेलकट पेंड आवडते. साच्याला आवडत नाही.

या धंद्यात एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. गोळीच्या टिकाऊपणात 40 टक्के वाटा कच्च्या मालाचा, 20 टक्के दळण किती बारीक आहे याचा, 20 टक्के वाफेचा, 15 टक्के साच्याच्या मापाचा, 5 टक्के थंड करण्याचा. हे आकडे तंतोतंत घेऊ नका, पण क्रम लक्षात ठेवा. वाफेच्या आधीच साठ टक्के खेळ झालेला असतो. खरेदी विभागाने स्वस्त म्हणून जे आणलं, ते बॉयलरवाल्याने दुरुस्त करायचं, अशी सगळीकडे अपेक्षा असते.

आणि खरेदी विभागाची आजची अडचण आपल्या जिल्ह्याला फार जवळची आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण पुढे. पशुखाद्याला बांधून ठेवणाऱ्या दोन वस्तू, मळी आणि मक्याचं पिष्ट. मळीतली साखर गरम असताना कणांमध्ये पसरते आणि थंड झाल्यावर घट्ट होते. शिवाय जनावराला चव लागते. पण मळी आता डिस्टिलरीत जाते, तिचं इथेनॉल होतं. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने मळीच्या निर्यातीवर 50 टक्के शुल्क लावलं, ते मळी देशात इथेनॉलसाठी राहावी म्हणून. त्याच्याआधी, 7 डिसेंबर 2023 ला, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं आणि डिस्टिलऱ्यांचा मोर्चा मक्याकडे वळला. मक्याच्या दाण्यात 70 टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं. डिस्टिलरी नेमकं तेच काढून घेते. टनभर मक्यातून 380 लिटरच्या घरात इथेनॉल निघतं, आणि जवळपास तिसरा हिस्सा वाळलेला चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिन भरपूर, भाव कमी, म्हणून तो पशुखाद्यात मोठ्या प्रमाणात आला. पण त्यात पिष्ट जवळजवळ नाही, आणि जे प्रथिन आहे ते एकदा उकळून, एकदा भट्टीत वाळवून आलेलं. वुड यांनी जी संधी सांगितली ती डिस्टिलरीतच खर्च झालेली.

म्हणजे आपल्या गोळीला जे बांधत होतं ते आता आपण गाडीच्या टाकीत घालतो. इथेनॉल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो आणि त्यातलेच कित्येक जण म्हशीही पाळतात. पण धोरण आखताना पेट्रोल पंपाचा हिशोब झाला, साखरेचा झाला. गव्हाणीचा कोणी मांडला का? या जागी मला राग येतो, तो लपवत नाही.

मग ज्वारी का घालत नाहीत, असा प्रश्न सोलापूरकराच्या ओठांवर येणारच. मोहोळच्या संशोधन केंद्राने 1930च्या दशकात मालदांडी दिली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, रब्बी ज्वारीचं केंद्र इथे आहे. उत्तर सरळ आहे: मालदांडी जनावराला घालण्याइतकी स्वस्त नाही. अमेरिकेत उलट आहे. तिथली बरीचशी ज्वारी गुरांसाठीच पिकते, आणि 1960च्या दशकात ॲरिझोना विद्यापीठाने तिला अर्ध्या तासाच्या आसपास वाफेत ठेवून मग रोलरमध्ये चपटी करायची पद्धत बसवली, तेव्हा मांसासाठी पोसलेल्या गुरांना तिचा खरा उपयोग होऊ लागला. आपल्या कंडिशनरमध्ये माल अर्धा-पाऊण मिनिट थांबतो. तेवढ्यात काफिरिनचं वेष्टण हलतही नाही. पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी कधी कधी स्वस्तात येते आणि खाद्यात जाते. पण तिच्या बुरशीतलं विष वाफेने जात नाही. जंतू मरतात, विष राहतं.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. शेतकरी दुकानात गोळी बोटात धरून मोडून बघतो. कडक असली की खूश. कारखान्याला हे माहीत आहे. पिष्ट नाही, मळी महाग, तर कडकपणा आणायचा कुठून? बेंटोनाइट नावाची माती मिळते. दोन टक्के घातली की गोळी दगडासारखी होते. माफक प्रमाणात ती निरुपद्रवी आहे, बुरशीचं काही विष ती धरूनही ठेवते. पण माती ती माती. तिच्यातून दूध येत नाही. टणक गोळी आणि सकस गोळी यांचा संबंध आपण समजतो तितका नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जास्त पिष्ट आणि जास्त शिजलेलं पिष्ट म्हणजे जास्त दूध, असंही नाही. कोंबडीचं पोट वेगळं, गाई-म्हशीचं वेगळं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात जंतूंचा कारखाना असतो. शिजलेलं पिष्ट त्यांना झटकन मिळतं, ते झटकन आम्ल करतात, रवंथ कमी होतं आणि फॅट उतरते. गावात याची तक्रार वेगळ्या शब्दांत येते: ‘पेंड बदलली आणि फॅट लागेना.’ म्हशीचं दूध सहा फॅटच्या हिशोबाने विकणाऱ्या पंढरपुरी म्हशीवाल्याला हे परवडणारं नाही. त्याच्या गोळीत पिष्ट बांधण्यापुरतं हवं, आणि कडबा भरपूर हवा.

आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट. इतकी वाफ, इतकी वीज घालून घट्ट केलेली गोळी आपला शेतकरी काय करतो? बादलीत पाण्यात टाकतो आणि धार काढायच्या वेळी आंबोण म्हणून म्हशीपुढे ठेवतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळी मजबुती विरघळलेली! विद्यापीठातले विद्वान यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. त्या बादलीत जी तपासणी होते ती भल्याभल्या प्रयोगशाळेत इतक्या स्वस्तात होत नाही. मूठभर गोळ्या मोठ्या पातेल्यात भिजवा, विरघळू द्या, हाताने ढवळा, वरचं पाणी आणि चोथा हळूच ओता, पुन्हा पाणी घाला, पुन्हा ओता. शेवटी तळाशी जे उरतं त्यात बोट फिरवा. खनिज मिश्रणाचे थोडे कण असतील ते ठीक. करकरीत वाळू जाड थराने बसली असेल तर तुम्ही भाताच्या कोंड्याबरोबर तुसाच्या राखेचे आणि मातीचे पैसे मोजताय. वर तरंगणारा चोथा पाहिला की सरकीची टरफलं किती, तेही दिसतं.

टिकाऊपणा मोजायलाही मोठं यंत्र लागत नाही. कॅन्सस स्टेटच्या हॅरी फोस्ट यांनी 1960च्या दशकात बसवलेली पद्धत आजही जगभर चालते. एक फूट लांब, एक फूट रुंद, पाच इंच खोल पत्र्याची पेटी. आत तिरपी बसवलेली नऊ इंच लांब, दोन इंच रुंद पट्टी. चाळून घेतलेल्या 500 ग्रॅम गोळ्या आत टाकायच्या, पेटी मिनिटाला 50 फेऱ्यांनी दहा मिनिटं फिरवायची, पुन्हा चाळायचं आणि चाळणीवर उरलेल्या गोळ्या तोलायच्या. 475 ग्रॅम उरल्या तर टिकाऊपणा 95 टक्के. 400 उरल्या तर 80, आणि त्या मालाची रस्त्यातच बरीच भुकटी होणार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कुठलाही वर्कशॉपवाला ही पेटी गिअर मोटरसकट आठवड्यात करून देईल.

पोत्यात काय आहे ते शेतकऱ्याला एकट्याने तपासणं जमणार नाही, पण त्याच्या संस्थेला जमेल. गावोगावच्या दूध संस्था पेंड घाऊक घेतात, उधारीवर वाटतात आणि दुधाच्या बिलातून कापून घेतात. म्हणजे पैसे शेतकऱ्याचे, निवड संस्थेची. तुमच्यापैकी कोणी अशा संस्थेच्या संचालक मंडळावर असाल, कोणाचे भाऊ-मेहुणे असतील, तर त्यांना माझा निरोप द्या. पुढच्या खरेदीच्या करारात चार गोष्टी लिहून घ्या: पोत्यातली भुकटी किती टक्क्यांपर्यंत चालेल, पेटीतल्या चाचणीत किमान किती टिकाऊपणा हवा, ओलावा 11 टक्क्यांच्या आत, आणि वाळू किती. प्रत्येक ट्रकमधून एक पोतं उघडून तिथेच चाळा. एप्रिल-मेमध्ये हे जास्त काटेकोरपणे करा, कारण तेव्हाच माल सगळ्यात जास्त फुटतो आणि तेव्हाच हिरवा चारा नसल्याने म्हशीची भिस्त पेंडीवर असते. एक चाळणी, एक काटा, एक पेटी. खर्च संस्थेच्या वार्षिक सभेच्या जेवणापेक्षा कमी येईल.